नळातला लोण्याचा वास

पहिली तक्रार आली तेव्हा मी ती सरळ बिअर बनवणाऱ्यांवर ढकलली. गिऱ्हाईक म्हणालं, "वास लोण्यासारखा येतोय हो." मी माफी मागितली, केग (बिअरचं पिंप) बदलला, नवा ग्लास भरून दिला. दोन दिवसांनी दुसऱ्या माणसाची तीच तक्रार. पुन्हा केग बदलला, वास तिथेच. मग एक गोष्ट ध्यानात आली. दुपारी बार उघडल्यावरचा पहिला ग्लास सगळ्यात वाईट असायचा, चौथ्या-पाचव्या ग्लासापर्यंत वास बराच कमी व्हायचा. म्हणजे रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर बिघडत होती, केगमधली नाही.

तो वास डायअ‍ॅसिटिल नावाच्या रसायनाचा. आंबवण्याची क्रिया अर्धवट राहिली तरी तो येतो, म्हणून मी बनवणाऱ्यांना दोष देत होतो. पण पेडिओकोकस आणि लॅक्टोबॅसिलस हे जीवाणू नळीच्या आतल्या बाजूला थर धरून बसले तरी तो येतो. आजारी पाडणारे नव्हेत हे, पण चवीचं वाटोळं करणारे नक्की. थर एकदा धरला की नुसत्या पाण्याने हलत नाही. आणि मी महिनोन्‌महिने काय करत होतो? केग बदलताना लाइनीतून, म्हणजे केगपासून नळापर्यंतच्या नळीतून, पाणी सोडायचं आणि काउंटरवरचा स्टीलचा टॉवर पुसून चकचकीत करायचा.

लाइन दर 14 दिवसांनी कॉस्टिकने (तीव्र अल्कली क्लीनरने) धुवावी लागते, हे मला तेव्हा कळलं. 2 टक्क्यांचं द्रावण. जुन्या, दुर्लक्ष झालेल्या लाइनीला 3 टक्के. पाणी कोमट, 43 अंशांच्या आत. आधी लाइनीतली बिअर पाण्याने बाहेर काढायची, नळ सोडवून तिथे पंपाची नळी लावायची, केगच्या बाजूला दोन लाइनी एकमेकींना जोडायच्या आणि द्रावण निदान 15 मिनिटं फिरवत ठेवायचं. पंप नसेल तर भरून 20 मिनिटं ठेवता येतं, पण फिरवल्याने जो घासा बसतो तो त्यात नाही. आमच्या बादलीत परत आलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि त्यात पापुद्रे तरंगत होते. ते पाहून मॅनेजर काही बोलले नाहीत, नुसते आत निघून गेले.

इथे एक सांगून ठेवतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. कॉस्टिक पाण्यात ओतायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, ते उसळतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि भरलेली लाइन बाहेरून अगदी नेहमीसारखी दिसते. कुणी अनवधानाने त्यातून ग्लास भरला तर घसा आणि अन्ननलिका भाजून निघेल. म्हणून काम चालू असताना प्रत्येक हँडलवर पाटी लावतो, बार बंद असतानासुद्धा. शेवटी साध्या पाण्याने धूत राहायचं, बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) आत जाणाऱ्या पाण्याइतका होईपर्यंत. पट्टी बुडवून बघायची, अंदाज नाही.

वास गेला. आठवड्याभराने नवाच आला, व्हिनेगरचा.

चूक माझीच. काढलेले नळ मी वरवर विसळून परत बसवले होते. या वेळी एक नळ पूर्ण सुटा केला. दांड्याच्या मागे आणि वॉशरच्या खाचेत काळपट बुळबुळीत गाळ साचलेला, जणू मोरीच्या जाळीखालचा. व्हिनेगर करणाऱ्या अ‍ॅसिटोबॅक्टरला हवा लागते. नळीत ती मिळत नाही, पण नळाच्या तोंडाशी हवा आणि बिअर दोन्ही असतात. त्याच्यासाठी याहून सोयीची जागा कुठली? आता दर धुण्याच्या वेळी नळ आणि कपलर (केगला लाइन जोडणारा भाग) सुटे करून द्रावणात भिजवतो आणि छोट्या ब्रशने आतून घासतो. शिवाय बिअर ओतताना नळाचं तोंड ग्लासातल्या बिअरमध्ये बुडवायचं नाही, ही सवय सगळ्यांना लावली. तिला मात्र फार वेळ लागला.

दर तीन महिन्यांनी आम्लाने धुणं वेगळं. कॉस्टिकने न जाणारा बिअर-स्टोन, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेटचा खडबडीत थर, त्याने सुटतो. मध्ये भरपूर पाणी सोडतो, कारण ही रसायनं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. क्लोरीनच्या आसपास आम्ल आलं तर विषारी वायू सुटतो.

लाइन नीट झाली तरी फेस टिकत नव्हता, आणि ग्लासाच्या काठाला आतून बुडबुडे चिकटून राहायचे. ही ग्लासाची तक्रार आहे हे ओळखायला मला उशीर झाला. ओल्या ग्लासात मीठ भुरभुरवून पाहिलं. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखं चिकटतं. आमच्या ग्लासात मधेमधे मोकळे पट्टे. तेलकटपणा. क्रीमच्या कॉकटेलचे ग्लास त्याच सिंकमध्ये धुतले जायचे, आणि वर आम्ही एकाच फडक्याने सगळे पुसायचो, अगदी मनापासून! फडकं बंद केलं. आता ग्लास जाळीवर उलटे, आपोआप सुकतात.

सिंक तीन आहेत, पण त्यांचा क्रम कुणी पाळत नव्हतं: धुणं, विसळणं, मग क्लोरीनचं सॅनिटायझर. साबणाचा अंश तिसऱ्या सिंकमध्ये गेला की क्लोरीन वाया जातं. मीही वास येईपर्यंत अंदाजाने ओतायचो. पट्टीने मोजलं तर 200 पीपीएमच्याही (दशलक्षात किती भाग) वर. हवं असतं 50 ते 100. जास्त घातल्याने ग्लास जास्त स्वच्छ होत नाही, फक्त पेयाला पोहण्याच्या तलावाच्या पाण्याचा वास येतो. उलट रात्री दहाच्या सुमारास तेच पाणी मोजलं तर पट्टीला रंगच नाही. मळ आणि वेळ दोन्ही क्लोरीन खाऊन टाकतात. आता गर्दीच्या रात्री पाणी तीनदा तरी बदलतो.

सोडा गनबद्दल, म्हणजे बटण दाबून सोडा आणि सिरप ओतायच्या नळीबद्दल, थोडक्यात. चिलटं कुठून येतात म्हणून आम्ही फळांच्या डब्यावर संशय घेत होतो. ती निघाली गन टांगायच्या खोबणीतून. सिरप तिथे ठिबकतं आणि खालची निचऱ्याची नळी तुंबते. रोज रात्री नोझल काढून घासायचं, कोमट पाण्यात भिजवायचं, आणि त्या नळीत गरम पाणी ओतायचं. पाच मिनिटांचं काम.

बर्फाचं प्रकरण मात्र अजून पुरतं मिटलेलं नाही. बर्फ हे खाद्यच आहे हे डोक्यात उतरायला वेळ लागतो. घाईत ग्लासानेच बर्फ उचलायची सवय होती, आणि एका शनिवारी ऐन गर्दीत एक ग्लास बर्फाच्या पेटीत फुटला. बर्फातली काच डोळ्यांना दिसत नाही. सगळा बर्फ गरम पाण्याने वितळवून पेटी पुसली, पुन्हा भरली. तोवर अर्धा तास लोक वाट बघत होते. तेव्हापासून स्कूप पेटीबाहेर, स्वतःच्या खोक्यात.

मॅनेजरांची एक तक्रार शिल्लक आहे: धुताना वाया जाणारी बिअर. हिशेब केला. आमची लाइन 10 मीटर, नळीचा आतला व्यास साडेनऊ मिलिमीटर, म्हणजे आत सुमारे 700 मिलिलिटर बिअर मावते. मग धुण्याचा दिवस शक्यतो केग संपण्याच्या दिवशी ठेवायला लागलो, आणि पाणी आत ढकलताना पुढे येणारी चांगली बिअर ग्लासात घ्यायला. रंग फिका पडू लागला की थांबायचं. ती विकली जाते. शेवटचा पाव ग्लास मात्र मीच चाखतो, लोण्याचा वास येतोय का बघायला.