वर्गात न बोलण्याचा कायदा

शाळेत काय शिकवावे हे ठरवणारे कायदे सगळीकडे असतात आणि ते असायलाही हवेत. परंतु अमुक एका प्रकारच्या माणसांचा वर्गात उल्लेखसुद्धा होऊ नये, असे सांगणारे कायदे गेल्या काही वर्षांत ज्या वेगाने पसरत आहेत, ते पाहून मराठवाड्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारखीलाही स्वस्थ बसवत नाही. रशियाने २०१३ मध्ये अल्पवयीन मुलांसमोर समलिंगी नात्यांच्या ‘प्रचारा’वर बंदी घातली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती सर्व वयांच्या नागरिकांना लागू केली. हंगेरीने २०२१ मध्ये, तर बल्गेरिया आणि जॉर्जिया या देशांनी २०२४ मध्ये त्याच वळणाचे कायदे केले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने मार्च २०२२ मध्ये लैंगिक कल (कोणाविषयी ओढ वाटते) आणि लिंगओळख (स्वतःला पुरुष, स्त्री की आणखी काही मानतो) या विषयांचे अध्यापन तिसरीपर्यंत बंद केले आणि पुढच्या वर्षी, काही अपवाद ठेवून, ही बंदी बारावीपर्यंत नेली.

आपल्याकडे असा कायदा नाही, मग त्याची चिंता आपण कशासाठी करायची, असे मला शिक्षककक्षात विचारले जाते. मला चिंता वाटते, कारण असा कायदा ज्या पद्धतीने काम करतो, ती पद्धत आपल्या शाळांत कायद्यावाचूनच रुजलेली आहे.

हे समजून घ्यायला ब्रिटनचे उदाहरण सर्वांत उपयोगी पडते, कारण तिथे असा कायदा येऊनही गेला आणि त्याचा जमाखर्च आज मांडता येतो. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारच्या काळात स्थानिक शासनविषयक कायद्यात घातलेले कलम २८ हे २४ मे १९८८ रोजी अमलात आले. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा पुरस्कार करू नये आणि समलिंगी नाते हेही कुटुंबाचे एक मान्य रूप आहे अशा शिकवणुकीला सरकारी शाळांत उत्तेजन देऊ नये, असा त्याचा आशय होता. हे बंधन स्थानिक संस्थांवर होते, वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकावर नव्हते. इतकेच नव्हे, तर या कलमामुळे वर्गातील वस्तुनिष्ठ चर्चेला अडथळा येत नाही, असा खुलासा सरकारने त्याच वर्षी एका परिपत्रकाद्वारे केला होता. पण परिपत्रक वाचतो कोण? शिक्षकांच्या कानावर गेले ते एवढेच की, या विषयावर बोललो तर नोकरी धोक्यात येईल. मग ग्रंथालयातून पुस्तके मागे ठेवली गेली, मुलांचे प्रश्न टाळले गेले, आणि एखाद्या मुलाला त्याच्या चालण्याबोलण्यावरून कोणी छळत असेल, तर मध्ये पडणे हासुद्धा ‘पुरस्कार’ ठरेल का, या धास्तीने शिक्षकांनी तिकडे पाठ फिरवली. या कलमाखाली एकाही शाळेला किंवा शिक्षकाला शिक्षा झाली नाही. स्कॉटलंडने ते २००० मध्ये रद्द केले, इंग्लंड आणि वेल्समध्ये ते नोव्हेंबर २००३ मध्ये रद्द झाले, आणि ज्या पक्षाने ते आणले होते त्याच पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरन यांनी २००९ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्या १५ वर्षांत शाळा शिकून बाहेर पडलेल्या मुलांना मात्र त्या माफीचा उपयोग काय होणार होता?

फ्लोरिडातही हेच घडले. मार्च २०२४ मध्ये न्यायालयीन तडजोड झाली, तेव्हा अध्यापन करणे वेगळे आणि उल्लेख येणे वेगळे, मुलांनी आपल्या लिखाणात या विषयाला हात घातला तर त्याला मनाई नाही, छळ थांबवण्याच्या उपायांनाही मनाई नाही, असे राज्याने मान्य केले. कायद्याच्या संदिग्ध शब्दांचा अर्थ लागेपर्यंत दोन वर्षे गेली होती आणि तेवढ्या काळात भीतीने आपले काम करून घेतले होते.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात २००७ मध्ये किशोरवयीन मुलांसाठीच्या लैंगिक शिक्षणाला विधिमंडळात कडाडून विरोध झाला आणि राज्याने ते थांबवले. त्या सुमारास इतरही काही राज्यांनी तोच मार्ग धरला. २०२१ मध्ये एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेने पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मुलांना शाळेत सामावून कसे घ्यावे, याविषयी एक प्रशिक्षण पुस्तिका प्रसिद्ध केली. ती मुलांच्या हातात द्यायची नव्हती, शिक्षकांसाठी होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून दिसेनाशी झाली. जी पुस्तिका माझ्यासारख्यांनी वाचायची, तीच काढून घेतली गेल्यावर तालुक्याच्या ठिकाणी किंवा केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत या विषयावर कोण बोलणार?

आणि कायदा म्हणाल, तर तो उलट बाजूला उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी, इंग्रजांनी १८६० मध्ये दंडसंहितेत घातलेल्या, ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून याच न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध वगळले, आणि या निकालाला माध्यमांतून व्यापक प्रसिद्धी द्यावी, असे न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात केंद्र सरकारला बजावले. २०१९ मध्ये झालेल्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याचे कलम १३ सांगते की, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने अशा विद्यार्थ्यांना भेदभाव न करता समावेशक शिक्षण दिले पाहिजे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी जून २०२१ मध्ये शाळांतील पालकसभांचा उपयोग पालकांना या विषयाची जाण करून देण्यासाठी व्हावा, असे सुचवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर लैंगिक शिक्षण नववीपासून नव्हे, त्याच्याही आधीपासून द्यायला हवे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने व्यक्त केले. एवढे सगळे कागदावर असताना आमच्या शाळेपर्यंत यातले काय पोचले, असे कोणी विचारले, तर मला माझ्या टेबलाच्या खणात ठेवलेली एक चिठ्ठी दाखवावी लागेल.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचा पाठ आहे. एक्स आणि वाय गुणसूत्रांमुळे मुलगा की मुलगी हे कसे ठरते, याची आकृती त्यात आहे, आणि मुलगी झाली म्हणून सुनेला दोष देणाऱ्या घरांतली मुले समोर बसलेली असताना ती आकृती फळ्यावर काढणे हे मी माझ्या कामातले सर्वांत मोलाचे काम समजते. हा पाठ सुरू करताना मी मुलांना प्रश्न चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, खोक्यात टाकायला सांगते. बहुतेक प्रश्न पाळीचे, मुरुमांचे, दाढीमिशांचे असतात. त्या वर्षी वहीच्या पानाचा चतकोर तुकडा, आठ घड्या घातलेला, खोक्याच्या तळाशी निघाला. त्यावर पेन्सिलीने लिहिले होते : ‘मॅडम, मला मुलींबद्दल काहीच वाटत नाही, मुलांबद्दल वाटते. हा आजार आहे का? गोळी असते का?’ शेवटचे वाक्य खोडून पुन्हा लिहिलेले होते.

मी ती चिठ्ठी वर्गात वाचली नाही, कारण अक्षरावरून मुले ओळखतात. परंतु दुसऱ्या दिवशी पाठ संपवताना मी सगळ्यांना सांगितले की, काही माणसांना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी ओढ वाटते, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आहे, त्यावर औषध नाही कारण तो आजारच नाही, आणि आपल्या देशात तो गुन्हाही नाही. एवढे बोलायला दोन मिनिटेही लागली नाहीत. वर्गात कोणी हसले, कोणी खाली पाहिले, मागच्या बाकावरून कोणीतरी एक शब्द उच्चारला आणि शेजारच्याने त्याला गप्प केले.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. ते वाईट गृहस्थ नाहीत. दुष्काळाच्या वर्षांत मुलांच्या फिया त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलेल्या मी पाहिल्या आहेत. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही बोललात ते चूक नाही, पण उद्या दहा पालक दारात आले तर मी त्यांना कोणता कागद दाखवू?” त्यांच्या या प्रश्नावर मी आजही विचार करते, कारण त्यांचे म्हणणे खरे आहे. बोलू नका असा कागद नाही, तसा बोला असाही नाही, आणि दोन्ही कागद नसतात तेव्हा माणूस गप्प बसण्याच्या बाजूने झुकतो. ब्रिटनमध्ये जे काम एका कलमाने केले, ते आपल्याकडे कागदाचा अभाव करतो.

या गप्प बसण्याची किंमत कोण मोजते, हे आमच्या भागात दिसायला फार शोधावे लागत नाही. आईवडील ऊसतोडीला गेले की मुले नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. घरचे कोणी जवळ नसते. ज्या मुलाचा आवाज बारीक आहे, ज्याला कबड्डीपेक्षा रांगोळी आवडते, त्याला ‘बायल्या’ आणि त्याहून वाईट नावांनी हाक मारणे दिवसभर चालते आणि रात्री ते हाकांवर थांबत नाही. असा मुलगा शाळा सोडतो तेव्हा हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ एवढाच शेरा पडतो. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. परंतु ज्या मुलाला या विषयावर तोंड उघडणेच लाजिरवाणे आहे असे शिकवले गेले आहे, तो आपल्यावर झालेला अत्याचार कोणाला आणि कसा सांगणार? मुलांचे रक्षण करण्यासाठी गप्प राहावे, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे. गप्प राहिल्याने अत्याचार करणाऱ्याचेच फावते.

हे परदेशी खूळ आहे, असेही ऐकू येते. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत आणि तुळजापूरला साडी नेसून परडी घेतलेले आराधी, म्हणजे देवीचे पुरुष उपासक, आपण आईच्या कडेवर असल्यापासून पाहत आलो आहोत, त्यांच्या हातून कपाळाला भंडारा लावून घेत आलो आहोत. देवळाच्या पायरीवर ज्याच्यापुढे हात जोडायचे, त्याचे लेकरूपण शाळेच्या बाकावर बसलेले दिसले की मात्र डोळे फिरवायचे, हे मला पटत नाही. बीड जिल्ह्यातल्या, महिला म्हणून भरती झालेल्या एका पोलीस शिपायाने काही वर्षांपूर्वी लिंगबदल शस्त्रक्रियेची परवानगी मागितली, शासनाने ती दिली आणि पुरुष म्हणून सेवेत ठेवले. ही बातमी आमच्या भागातल्या प्रत्येक पारावर वाचली गेली. तिच्यावर बोलायला जागा नव्हती ती फक्त शाळेत.

मराठी माणसांत या विषयावर बोलण्याची परंपरा नाही, हेही खरे नाही. संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात मोकळी उत्तरे दिली. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. ज्या उत्तरांवरून तो खटला होता, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नाचाही समावेश होता. वाचक प्रश्न विचारणार असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. खटला ते हरले. त्यानंतर १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू केले. आमच्या शाळेतल्या कित्येक शिक्षकांचे आईवडील तिथे शिकले. ज्या प्रश्नाला उत्तर मिळावे म्हणून बाबासाहेब न्यायालयात उभे राहिले, तोच प्रश्न जवळजवळ ९० वर्षांनी पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठीवर आमच्या वर्गात आला.

पालकांची काळजी मी हलक्यात घेत नाही. चौथीतल्या मुलाला काय सांगायचे आणि दहावीतल्या मुलाला काय, यात फरक असलाच पाहिजे, आणि वर्गात काय सांगितले जाणार आहे हे पालकांना आधी कळले पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये मेरीलँडमधल्या काही पालकांना, समलिंगी आणि पारलिंगी पात्रे असलेल्या गोष्टींच्या तासातून मुलांना वगळण्याची मुभा दिली. त्या निकालाशी मी सहमत नाही. पण पालकांना विश्वासात न घेता पुढे जाता येत नाही, हा धडा मला त्यातून घ्यावासा वाटतो. आमच्याकडे एका सभेनंतर एक वडील थांबले आणि हळूच म्हणाले, “म्याडम, लेकरू आजारी नाही म्हणता, मग गावाला काय सांगू?” त्या प्रश्नात राग नव्हता, त्यांना उत्तर हवे होते. ते देण्याचे काम शाळेचे आहे.

म्हणून मी शाळा व्यवस्थापन समितीकडे आणि शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज केला आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. दहावीच्या प्रजननाच्या पाठाबरोबर लैंगिक कल आणि लिंगओळख यांविषयीचे किमान वैद्यकीय आणि कायदेशीर तथ्य सांगण्यास शिक्षकाला मुभा आहे, असे एका परिपत्रकात स्पष्ट लिहावे. मुलगा बायकी किंवा मुलगी पुरुषी आहे म्हणून होणारा छळ हा रॅगिंगसारखाच नोंदवला जावा. आणि शाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी २०२२ च्या शासननिर्णयाने स्थापन झालेल्या सखी सावित्री समितीच्या बैठकीत या विषयाला एक तास द्यावा. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या महिन्यात केंद्राची शिक्षण परिषद आहे; तिथे हा अर्ज वाचून दाखवण्याची परवानगी मी मागितली आहे, आणि मुख्याध्यापकांनी त्यावर सही केली आहे.