आमची वाटचाल : झाकण उघडणारं गॅरेज

मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी भरणारी एक पिकअप आमच्याकडे आली, तेव्हा मी आयटीआयचा मेकॅनिक डिझेल ट्रेड करून नुकताच अण्णांच्या हाताखाली लागलो होतो. मागून घरघर येते एवढीच तक्रार. डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याचा, खालचा प्लग काढला आणि ट्रेमध्ये पडलं ते काळं ऑइल नव्हतंच. दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी होतं, वर फेस. अण्णांनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून बघितलं आणि म्हणाले, "पाणी गेलंय. कधीपासून गेलंय कोण जाणे." गाडीवाले चाचा म्हणाले, "पण ऑइल तर कधी कमी झालं नाही, भाऊ." कमी कसं होणार? जेवढं ऑइल बाहेर, तेवढं समुद्राचं पाणी आत.

त्या ट्रेपासून आमच्या धंद्याची दिशा बदलली असं मी मानतो. त्याआधी अण्णांचं गॅरेज म्हणजे रत्नागिरीहून हातखंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड, समोर फणसाचं झाड, आणि रिक्षा, टेम्पो, जे येईल ते काम. हळूहळू पिकअप वाढल्या. पावस-गोळपच्या आंब्याच्या पेट्या, बंदरावरची मासळी, चिरा, वाळू, मांडवाचं सामान, सगळं पिकअपमध्ये. इंजिनचं ऑइल प्रत्येक मालक वेळेवर बदलायचा, कारण ते त्याला डिपस्टिकवर दिसतं. मागच्या हौसिंगमधलं, म्हणजे डिफरन्शियलच्या त्या बंद डब्यातलं, ऑइल कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. गाडी घेतल्यापासून तेच ऑइल, अशा कितीतरी गाड्या आम्ही बघितल्या.

पाणी आत जातं कसं हे मला पहिली दोन वर्षं नीट कळलं नव्हतं. हौसिंग तर बंद असतं. नंतर जेटीवर उभा राहून बघितलं तेव्हा उलगडा झाला. पिकअप घाट उतरून किंवा लांबून भरधाव येते, डिफरन्शियल हात लावता येणार नाही इतकं तापलेलं असतं. तशीच ती वाळूत, भरतीच्या पाण्यात मागे घेतात. गरम लोखंड एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढते. ब्रीदर, म्हणजे हौसिंगची हवा जायची-यायची तोटी, चिखलाने बुजलेला असेल तर ॲक्सलच्या ऑइल सीलमधून, पिनियनच्या (इंजिनकडून येणारा फेरा आत नेणाऱ्या लहान गिअरच्या) सीलमधून, हौसिंगच्या मागच्या झाकणाच्या कुजलेल्या पॅकिंगमधून. त्यात वर हौद्यातून बर्फाचं खारं पाणी चोवीस तास ठिबकत असतं, ते नेमकं मागच्या झाकणावर. पत्र्याचं झाकण खालच्या कडेला आधी गंजतं ते त्यामुळेच.

अण्णांच्या काळात पॅकिंग विकत आणायची पद्धत नव्हती. जाड ड्रॉइंग पेपर घ्यायचा, झाकणावर धरायचा, गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक करत जायचं. कागद कडेवर आपोआप कापला जातो, बोल्टची भोकंसुद्धा तशीच पडतात. मग दोन्ही बाजूंनी शेलॅक (चिकटवायची लाख) लावून बसवायचं. अण्णांचा हात इतका साफ होता की कापलेलं पॅकिंग कंपनीचं वाटावं. ते काम मी अजून मुलांना शिकवतो. पण खाऱ्या पाण्यात ते कागदी पॅकिंग दोन पावसाळे काढत नाही हेही खरं. म्हणून सिलिकॉन गॅस्केट, म्हणजे नळीतून लावायचं नि घट्ट होऊन रबरासारखं होणारं पॅकिंग, आलं तेव्हा मी ते आनंदाने घेतलं, आणि तिथेच आमची सगळ्यात मोठी चूक झाली.

आंब्याचा हंगाम होता. पावसची गाडी, पेट्या भरून तयार, रात्री कोल्हापूरला निघायची. मागचं झाकण ठिबकत होतं. मी झाकण काढलं, घाईघाईत पुसलं, नळीभर सिलिकॉन लावलं, बोल्ट आवळले, अर्ध्या तासात ऑइल भरून गाडी दिली. साखरप्यापर्यंत काही झालं नाही. आंबा घाट चढताना हौसिंग तापलं, ओलं सिलिकॉन खालच्या कडेने सुटलं आणि ऑइल रस्त्यावर गेलं. मलकापूरच्या अलीकडे मागून शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली तोवर उशीर झाला होता. उघडलं तेव्हा पिनियनचे दात निळे पडले होते. क्राउन (पिनियन ज्याला फिरवतं तो मोठा गिअर) आणि पिनियन जोडीनेच बदलावं लागतं, एक नवं एक जुनं चालत नाही, वर बेअरिंगं वेगळी. पेट्या दुसऱ्या गाडीत भरून कोल्हापूरला गेल्या, त्याचं भाडंही आम्हीच दिलं. शेडवर नवे पत्रे घालायला बाजूला ठेवलेले पैसे अण्णांनी काढून दिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हणाले, "आता हे काम असं शिक की परत कोणाला दाखवायला नको."

मग मी ते काम खरोखर शिकलो. आज आमच्याकडे झाकणाचं काम ज्या पद्धतीने होतं त्यातली प्रत्येक गोष्ट त्या एका रात्रीतून आली आहे.

गाडी सपाट जमिनीवर, ऑइल थोडं कोमट असताना. आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा प्लग सोडवायचा, मगच खालचा. वरचा प्लग गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालून सगळं ऑइल सोडून दिलं असेल, तर गाडी तिथेच अडकली, भरणार कुठून? काही गाड्यांना खालचा प्लगच नसतो, तिथे झाकण काढूनच ऑइल सोडावं लागतं. खालचे बोल्ट आधी काढायचे, वरचे दोन चार आटे सैल करून तसेच ठेवायचे, आणि झाकण कडेने हळू उचकटायचं. नाहीतर झाकण आणि ऑइल दोन्ही अंगावर. फोर बाय फोर गाडी असेल तर पुढचं डिफरन्शियलसुद्धा त्याच दिवशी उघडायचं. पुढचं विसरलं जातं, आणि पाणी तेही पितं.

सगळा वेळ खातो तो बसायचा पृष्ठभाग. जुनं सिलिकॉन, गंज, शेलॅक, सगळं पितळी पट्टीने खरवडायचं, लोखंडी पान्याने ओरखडे पाडायचे नाहीत. मग झाकण जाड काचेवर पालथं घालून बघायचं. बोल्ट जास्त आवळल्याने भोकांभोवतीचा पत्रा फुगलेला असतो, काचेवर झाकण डुगडुगतं तेव्हा ते कळतं. तो पत्रा ठोकून सपाट करायचा. गंजाने खड्डे पडले असतील, पत्रा पातळ झाला असेल, तर आम्ही नवं झाकण घालायला सांगतो, मालक कितीही म्हणाला तरी जुनं चढवत नाही. शेवटी ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ चिंधी. पांढरी चिंधी पांढरीच राहिली पाहिजे. ऑइलचा एक थेंब वरून ओघळत त्या कडेवर आला की सगळी मेहनत वाया. पावसाळ्यात सकाळी हौसिंगला घाम फुटलेला असतो, म्हणून गरम हवेने ते कोरडं करून घेतो.

सिलिकॉन आम्ही व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं वापरत नाही, त्यातलं आम्ल लोखंड खातं. न्यूट्रल प्रकारचं घेतो. भोकांच्या आतल्या बाजूने तीन-चार मिलिमीटर जाडीची एकसलग वळ, प्रत्येक भोकाला वळसा घालून, मध्ये कुठेही तुटायची नाही. जास्त लावून उपयोग नाही. दाबलं की ते आत जातं, तुकडा पडतो आणि नको तिथे जाऊन बसतो. वर साय धरायच्या आत झाकण बसवायचं, बोल्ट बोटाने आवळायचे, थोड्या वेळाने टॉर्क पान्याने समोरासमोरचे. आणि मग थांबायचं. ऑइल दुसऱ्या दिवशी. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे आपल्या कोकणच्या दमट हवेत ते छान धरतं. तरी रात्रभर मी गाडी सोडत नाही. यावरून गिऱ्हाईक गेलेत. पहिली दोन-तीन वर्षं बरेच गेले.

ऑइलचंही तसंच. "नव्वद नंबर टाक" म्हणून चालत नाही. पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये हायपॉइड गिअर असतात, पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसतं, म्हणून दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. ते घासणं सोसणारं ऑइल म्हणजे जीएल-५ दर्जाचं. दाटपणाचा नंबर गाडीच्या पुस्तकात बहुतेक वेळा ८०डब्ल्यू-९० लिहिलेला असतो. जीएल-४ चं ऑइल दिसायला तसंच, नंबरही तोच, पण दात वाचवत नाही. जीएल-५ चा तो उग्र, गंधकासारखा वास आमच्या शेडला कायमचा आहे. ऑइल भरायच्या भोकाच्या खालच्या काठाला ऑइल लागून ओघळायला लागलं की भरणं बंद. साधारण दीड ते अडीच लिटर, गाडीप्रमाणे.

आणि ब्रीदर. जेटीच्या प्रत्येक गाडीला आम्ही ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर हौद्याखाली, चॅसीला बांधून देतो, टोक खाली वळवून. त्या नळीला खर्च अगदी किरकोळ. पण गाडी पाण्यात गेली तरी डिफरन्शियल वरून हवा घेतं, पाणी नाही. माझ्या मते आमच्या गॅरेजने या बंदरासाठी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच.

लोकांना पटायला लागलं ते दाखवल्याने. चुंबकाचा प्लग आम्ही मालकासमोर पांढऱ्या कपड्यावर पुसतो. करड्या रंगाची बारीक पेस्ट असेल तर चिंता नाही, ती रोजची झीज. बोटाला टोचणारी किंवा चमकणारी चकती मिळाली तर मालक स्वतःच विचारतो, "आता काय?" बायकोने पहिल्यापासून वही ठेवली आहे : गाडी नंबर, किलोमीटर, तारीख, ऑइलचा रंग. रंगाच्या रकान्यात ती "ताक", "चहा", "काळा", "स्वच्छ" असंच लिहिते. सीझन सुरू व्हायच्या आधी ती स्वतः फोन करते. ज्यांच्या नावापुढे "ताक" आहे त्यांना दोनदा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये घुसलं. आम्ही आमच्या पिकअपमध्ये जॅक, घोड्या (उचललेल्या गाडीला टेकू द्यायचे स्टँड), रिकामी पिंपं आणि ऑइल भरून तिकडे गेलो. बाजारात बुडालेल्या गाड्या लोक ढकलून, ओढून हलवत होते. आम्ही सांगत होतो, आधी चाक फिरवू नका, हौसिंगमध्ये गाळ आहे. पाणी ऑइलपेक्षा जड असतं, गाडी उभी राहिली की ते खाली बसतं, म्हणून प्लग सैल केला की आधी नुसतं लाल मातीचं पाणी यायचं, मग ऑइल. झाकण काढून धुवायचं, साधं ऑइल घालून जॅकवर चाकं फिरवायची, ते सोडून द्यायचं, मग खरं ऑइल. त्या दिवसांत आम्ही मजुरी घेतली नाही, ऑइलचे पैसे ज्यांनी नंतर आणून दिले ते घेतले.

पुढे मुद्रा योजनेतलं किशोर गटाचं कर्ज काढून गाडी उचलायची लिफ्ट बसवली, शेडला काँक्रीटची फरशी केली. जुनं ऑइल पूर्वी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लोक घेऊन जायचे, उरलेलं मागच्या बांधावर जायचं. त्या बांधाखाली आमचीच विहीर. आता सगळं पिंपात साठवून मान्यता असलेल्या रिसायकलवाल्याला देतो.

अण्णा आता शेडमध्ये फार थांबत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावरच्या गाड्या मोकळ्या होतात आणि आमच्याकडे रांग लागते. परवा पहिल्या पावसात त्या चाचांचा मुलगा गाडी घेऊन आला. वहीत त्याच्या नावापुढे गेल्या वर्षी "काळा" लिहिलेलं होतं. झाकण उघडलं तेव्हा अण्णा काठी टेकत आले, ट्रेमध्ये बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. "स्वच्छ लिही," असं बायकोला सांगून ते परत फणसाखाली जाऊन बसले. गाडी रात्रभर लिफ्टवर होती, ऑइल सकाळी भरलं.