एका रेइसचं दार

पाऊस उघडून चार दिवस कडक ऊन पडलं की एखाद्या दुपारी अल्बम वाऱ्याला काढायचे. कोकण-गोव्याकडची जुनी टपाल तिकिटं ज्याच्याकडे आहेत त्याला ही सेवा चुकत नाही. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की तिकिटाच्या कडेच्या दात्यांना तपकिरी ठिपके धरतात. संग्राहक त्याला गंज म्हणतात, पण असते ती बुरशी, आणि ती शेजारच्या तिकिटावर चढते. डागाळलेलं तिकीट लगेच वेगळ्या पाकिटात जायला हवं. तिथे दया दाखवून चालत नाही.

पानं उलटता उलटता हात थांबतो तो पोर्तुगीज इंडियाच्या 1931 च्या संचावर. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शन सोहळ्यासाठी काढलेली ही सहा तिकिटं. सर्वांत स्वस्त, एका रेइसचं, त्यावर ना संत ना समाधी. त्यावर जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजचं दार आहे. बारा रेइसचा एक तंगा, सोळा तंगांचा एक रुपया. म्हणजे रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग या शाळेच्या वाट्याला आला.

शाळा मात्र लहान नव्हती. 1541 मध्ये ती सुरू झाली, झेवियर गोव्यात उतरला तो त्यानंतर, मे 1542 मध्ये. पुढे ती जेझुइटांकडे, म्हणजे झेवियरच्याच धर्मसंघाकडे आली. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये इथेच लागला. रोगराईने जुनं गोवं ओस पडत गेलं, एकोणिसाव्या शतकात इमारत पाडली गेली आणि दर्शनी दार तेवढं उरलं: जांभ्याची कमान, दोन्ही अंगांना काळ्या दगडाचे खांब, वर क्रूस. तिकिटावर ते बघायला पाचपट भिंग पुरे. दहापट लावलं की शाईचे फटकारेच मोठे दिसतात आणि दार हरवतं.

मिशनऱ्यांच्या तिकिटांत शाळा शोधणं हा तसा खुळा नाद. सापडतात ते चेहरे. केरळातले धर्मगुरू कुरियाकोस एलियास चावरा हे मिशनरी म्हणून बाहेरून आलेले नव्हेत, तिथलेच. 1864 मध्ये त्यांनी प्रत्येक चर्चला जोडून शाळा काढायला लावली. 1987 च्या 60 पैशांच्या तिकिटावर चेहरा. माँट्रियलमध्ये मार्गरिट बुर्ज्वाने 1658 साली गुरांच्या गोठ्यात पहिला वर्ग भरवला. कॅनडाच्या 1975 च्या 8 सेंटच्या तिकिटावरही चेहराच. गोठा काढला असता तर काय बिघडलं असतं?

एका रेइसचं तिकीट लिफाफ्यासकट मिळालं तर पाण्याला लावूच नये. टपालाचा दर पुरा करायला मोठ्या किमतीच्या तिकिटाशेजारी ते कसं चिकटवलं, शिक्का कुठल्या गावचा, हे सगळं त्या लिफाफ्यावर असतं. लिफाफ्याचा नुसता कपटा असेल तरच भिजवायचं. कडेने सेंटिमीटरभर कागद राखून कापायचा, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पालथं सोडायचं. रंगीत पाकिटाचा तुकडा असेल तर वाटी वेगळी, नाहीतर लाल रंग सगळ्यांना लागतो. तिकीट ओढायचं नाही. सुटतं तेव्हा आपलं आपण सुटतं. घाईत कागदाचा पापुद्रा निघाला की मागे पातळ ठिपका पडतो आणि उजेडात धरल्यावर तो लपत नाही. मग स्वच्छ पाण्यात एक फेर, कारण डिंकाचा अंश राहिला तर तिकीट टीपकागदालाच धरतं. वाळलं की रात्रभर जाड पुस्तकाखाली. आणि मऊ पीव्हीसीचे, वास येणारे खिसे नकोत. त्यातला तेलकटपणा शाईत उतरतो. पॉलिएस्टरचे घ्यावेत, महाग पडले तरी.

उरतो प्रश्न पानाचा. बहुतेक जण हे तिकीट ‘संत’ या पानावर लावतात, कारण संच मोडायला मन होत नाही. माझा हट्ट असा की ते ‘शाळा’ या पानावर एकटं असावं. संच मोडला तर मोडला.

आणि तिथे खाली जी ओळ लिहायची तीही नुसती सालाची नको. जुनं गोवं ज्यात येतं त्या तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचं उत्पन्न या शाळेच्या खर्चाला लावलं गेलं. छापखाना इथला, तशी ही जमीनही इथलीच. दोन्ही लिहावं. पेन्सिलने, शाईने नको. आणि तिकीट लावायच्या आधी, नाहीतर टोकाचा दाब कागदावर उमटतो.