घरच्या मायनिंगसाठी यंत्र निवडताना

माझ्या टेबलावर बिटकॉइनच्या मायनिंगचे, म्हणजे अखंड गणिती प्रयत्न करून बक्षीस म्हणून नवी नाणी मिळवण्याचे, एक छोटे यंत्र चालू असते. ते पाहून ओळखीची मुले हमखास विचारतात, ‘काका, छंद म्हणून घरी मायनिंग करायचे आहे, कोणते यंत्र घेऊ?’ मी आधी त्यांचे वीजबिल पाहायला मागतो.

ग्राफिक्स कार्डाचा विचार आता सोडून द्यावा, कारण ज्या इथेरियमसाठी लोक ती विकत घेत होते, त्याचे मायनिंग 15 सप्टेंबर 2022 रोजी कायमचे बंद झाले. बिटकॉइनसाठी केवळ मायनिंगचे एकच गणित करणारी एसिक चिप लागते, आणि तिच्या बाबतीत वेगापेक्षा दर टेराहॅशला, म्हणजे त्या गणिताच्या एक लाख कोटी प्रयत्नांना, किती ज्यूल ऊर्जा खर्च होते हा आकडा महत्त्वाचा असतो. 2016 च्या अँटमायनर एस9 या यंत्रात तो सुमारे 98 आहे, तर त्याच मालिकेतील नव्या एस21 मध्ये 17.5.

हा आकडा न पाहता, केवळ स्वस्त मिळाला म्हणून, मी एक जुना एस9 घेतला होता. त्याच्या पंख्यांच्या आवाजामुळे शेजारच्या खोलीतही बोलणे कठीण झाले. 1,300 वॅट म्हणजे पावणेसहा अँपियरच्या आत, म्हणून 6 अँपियरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालेल असे मी धरले. पण चोवीस तास तेवढा भार सोसताना तिसऱ्या आठवड्यात प्लग वितळू लागला. शिवाय त्याला भोवतालची हवा 40 अंशांपर्यंतच चालते आणि आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. हिशेब तर त्याहून कठोर निघाला. जगाचा एकूण हॅशरेट, म्हणजे सगळ्या यंत्रांचे मिळून सेकंदाला होणारे प्रयत्न, एक झेटाहॅश (शंभर कोटी टेराहॅश) धरला, तर सेकंदाला 13.5 टेराहॅशच्या या यंत्राला महिन्याला सुमारे 0.00018 बिटकॉइन मिळते. बिटकॉइनचा भाव एक कोटी रुपये मानला तरी ते 1,800 रुपये होतात, आणि त्यासाठी 936 युनिट वीज जळते. युनिटला दहा रुपये धरले तर खर्च 9,360 रुपये.

एस21 कार्यक्षम आहे, परंतु 3,500 वॅट म्हणजे 15 अँपियरहून अधिक सततचा भार. त्यासाठी स्वतंत्र जाड वायर आणि एमसीबी हवी, आणि ती उष्णता फ्लॅटमध्ये सोडायला जागा नसते. त्यातच 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या विक्रीतील नफ्यावर 30 टक्के कर आहे, ज्यातून वीज आणि यंत्राचा खर्च वजा करता येत नाही.

म्हणून मी बिटअ‍ॅक्स हे टेबलावर मावणारे छोटे यंत्र सुचवतो. त्याचे डिझाइन खुले आहे. गॅमा हे मॉडेल 17-18 वॅटमध्ये सुमारे 1.2 टेराहॅश देते आणि महिन्याला साधारण 13 युनिट घेते. एकट्याने ब्लॉक, म्हणजे बक्षीस मिळवून देणारे उत्तर, सापडण्याची सरासरी मात्र पंधरा हजार वर्षांहून अधिक येते, तेव्हा हे शिकण्याचे यंत्र आहे, कमाईचे नव्हे, हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगतो. त्यासोबत चांगल्या प्रतीचा 5 व्होल्टचाच अडॅप्टर घ्यावा; घरात पडलेला 12 व्होल्टचा लावला, तर बोर्ड जळतो.