बावीस मॅच बाहेर

१४ जून २०१९, शुक्रवार. आदल्या दिवशी नॉटिंगहॅमला भारत–न्यूझीलंड सामना पावसाने धुतला होता आणि इकडे नाशिकला आम्ही त्याच पावसाची वाट बघत होतो. सकाळी साडेसहाला गंगापूर रोडवरच्या आमच्या सिमेंटच्या कोर्टवर अकरा मुली एका मोबाइलभोवती गोळा झाल्या होत्या. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिच्या फायनलची सहावी मॅच. टोरांटो रॅप्टर्स ३–२ ने पुढे, समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स. सराव मीच थांबवला होता.

उन्हाळी शिबिरभर आम्ही टोरांटोच्या मागे होतो. दुसऱ्या मॅचमध्ये त्यांनी ‘बॉक्स अँड वन’ लावला, तेव्हा मुली ओरडल्याच, “मॅडम, हे तर आपलं!” चौघी चौकोनात उभ्या आणि पाचवी समोरच्या सगळ्यात धोकादायक खेळाडूची सावली. शाळकरी पोरांना शिकवतात तो डिफेन्स, आणि इथे टोरांटोचा फ्रेड व्हॅनव्लीट वॉरियर्सच्या स्टेफ करीच्या मागे असा फिरत होता. मॅच ते हरले, पण वॉरियर्सना शेवटची पाच मिनिटं बास्केटसाठी झगडावं लागलं. आमच्याकडे सावलीचं काम नऊ नंबर करायची. सातपूरची, उंचीला कमी, पायाला भिंगरी. व्हॅनव्लीटला २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कुणी घेतलंच नव्हतं, हे कळल्यापासून तो तिचा झाला होता.

त्या सकाळी तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी वॉरियर्सचा क्ले थॉम्पसन पडला. २८ पॉइंट झाले होते त्याचे. गुडघा धरून तो आत गेला आणि लगेच परत आला. दोन फ्री थ्रो मारले, दोन्ही आत. आमचं कोर्ट चिडीचूप. नऊ नंबर उभीच राहिली होती. टोरांटो ११४–११० ने जिंकलं, शेवटच्या क्वार्टरमध्ये व्हॅनव्लीटने १२ पॉइंट काढले, अमेरिकेबाहेरच्या संघाने पहिल्यांदाच एनबीए जिंकलं. मुली नाचल्या, कोपऱ्यावर मिसळ झाली. दुपारी बातमी वाचली. थॉम्पसनचं एसीएल, गुडघ्यातलं लिगामेंट, फाटलं होतं.

संध्याकाळी नाशिकरोडच्या मुलींशी मॅच. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत नऊ नंबरने त्यांच्या कॅप्टनला बॉल धड हातात घेऊ दिला नव्हता. मग रीबाउंडला, हुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला, उडी मारली आणि उतरताना तिचा पाय दुसरीच्या बुटावर पडला. घोटा आत वळला. बाहेर आणलं. एकीने पळत जाऊन रसवंतीवाल्याकडून बर्फ फोडून आणला.

“मॅडम, पट्टी घट्ट बांधा, मी जाते.”

“नाही.”

“तो नाही का परत आला सकाळी?”

बोर्डावर आम्ही दोन पॉइंटने पुढे होतो आणि ती बाहेर बसल्यावर काय होणार हे मला दिसत होतं. खरं सांगते, माझा हात पट्टीकडे गेला होता. काही वर्षांपूर्वी एका फायनलला मी दुखऱ्या गुडघ्याच्या मुलीला अशीच पट्टी बांधून आत पाठवलं होतं. ती मॅच आम्ही जिंकलो. त्यानंतर ती मुलगी कोर्टवर दिसली नाही.

मी तिच्या शेजारी बसले आणि दुपारची बातमी तिला सांगितली. ती गप्प. मग टोरांटोच्या कावाय लेनर्डचं सांगितलं. मांडीच्या दुखापतीमुळे आदल्या मोसमात तो सॅन अँटोनियोकडून फक्त नऊ मॅच खेळला होता. टोरांटोने लोकांचा लाडका डीमार डीरोझन देऊन त्याला आणला आणि मोसमातल्या ८२ पैकी ६० मॅचच खेळवला. २२ मॅच बाहेर. त्यातल्या १७ बाकीच्यांनी जिंकून दाखवल्या. तोच कावाय मे महिन्यात फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या मॅचला, शेवटच्या सेकंदाला कोपऱ्यातून शॉट मारायला उभा होता. बॉल रिंगवर चारदा उडाला आणि आत पडला. तेव्हा त्याच्या पायात ताकद उरली होती ती त्या २२ मॅचमुळे, असं मी आजही मानते.

“पण आपली मॅच आत्ता चाललीय ना,” ती म्हणाली.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार पॉइंटने हरलो. त्यांच्या कॅप्टनने शेवटच्या क्वार्टरमध्ये हवं तिथून मारलं आणि नऊ नंबर बर्फाची पिशवी घोट्यावर दाबून सगळं बघत राहिली.

तिला स्कूटरवर घरी सोडलं. तिचे बाबा एमआयडीसीतल्या कंपनीच्या शिफ्टवरून नुकतेच आले होते. उद्या सकाळीच एक्स-रे काढा, असं मी त्यांना सांगितलं. हाड शाबूत निघालं, लिगामेंट ताणलं होतं, तीन आठवडे विश्रांती. पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी गेटपाशी, बाबांचा खांदा धरून एका पायावर उभी राहत तिने विचारलं,

“मॅडम, तीन आठवड्यांत आपल्या किती मॅच होतात?”

“चार.”

तिने बोटांवर मोजल्या आणि आत गेली.