वेचाईचा चुकारा

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

आज ख्रिस्तराजाचा सण झाला. उपासनेच्या वर्षातला हा शेवटचा रविवार, पुढच्या रविवारी नाताळाच्या तयारीचा आगमनकाळ लागतो. फादर आले होते, त्यामुळे मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, गावातच, आमच्या प्रार्थनाघरात झाली. पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली हा सण लावून दिला, यंदा त्याला शंभर वर्षं होतात. फादरांनी सांगितलं, पहिल्या महायुद्धानंतर मोठमोठी राज्यं कोसळली होती, इटलीत मुसोलिनीचा अंमल होता, आणि अशा काळात चर्चनं लोकांना क्रुसावरच्या राजाकडं बघायला सांगितलं. मिस्सेत वाचलेलं शुभवर्तमानही लूकचं, त्याच क्रुसाच्या प्रसंगाचं. शेजारी टांगलेला चोर म्हणतो, येशू, तू तुझ्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव. येशू त्याला पुढचा वायदा देत नाही. आजच, म्हणतो.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या ओसरीतला कापसाचा वजनकाटा उभा राहिला. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. नोव्हेंबरात पऱ्हाटीवाल्या, म्हणजे कपाशी पिकवणाऱ्या, घराची भक्ती त्या काट्यापाशीच तपासली जाते, असं मला मनापासून वाटतं.

वेचणी ऐन भरात आहे. सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं सडली, वरची आता फुटताहेत. सकाळी दव उतरलं की बाया वावरात शिरतात, कमरेला ओटी, डोक्याला रुमाल. दिवस मावळायच्या आत गाठोडी बांधून घरी येतात आणि ओसरीत वजन होतं. यंदा आमच्याकडे किलोला दहा रुपये वेचाई, म्हणजे वेचणीची मजुरी, आहे. आता या हिशोबात चोरीला जागा किती असते, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. गाठोड्याच्या कपड्याचं म्हणून अर्धा किलो जास्त कापता येतं. किलोवरचे ग्रॅम सोडून देता येतात. कापूस ओला आहे म्हणत आणखी एखादा किलो उतरवता येतो. कोणी भांडत नाही, कारण प्रत्येक वेळी प्रश्न पाच-दहा रुपयांचाच असतो. पण आठ बाया आणि दीड-दोन महिन्यांची वेचणी धरली तर ते पैसे कोणाच्या तरी घरचं तेल-मीठ असतं. बायबलातल्या लेवीयच्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर तराजू खरा ठेवा, वजनं खरी ठेवा असं स्पष्ट सांगतो, आणि तेही आईवडिलांचा मान राखा, शेजाऱ्यावर प्रीती करा या आज्ञांच्याच अध्यायात. मला हे फार मोलाचं वाटतं. देवानं काटा आणि प्रीती वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली नाहीत.

म्हणून आमच्या ओसरीत ग्रॅम मोजले जातात. लेक वहीत लिहिते, आणि ज्या बाईचं वजन तिनंच आकडा बघायचा.

चुकाऱ्याचा, म्हणजे मजुरी चुकती करायचा, प्रश्न मात्र यापेक्षा अवघड आहे. आमच्या भागात वेचाईचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो, सगळ्या गावाची तीच रीत. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तर सांगितलंय की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. बायबलातलंच याकोबाचं पत्र तर अंगावर येतं. तुमचं शेत कापणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि तो आवाज देवाच्या कानी गेला आहे, असं तो श्रीमंतांना बजावतो. चर्चच्या धर्मशिक्षणात स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांची जी यादी आहे तिच्यात भावानं मारलेल्या हाबेलाच्या रक्ताबरोबर मजुरावरचा अन्यायही येतो. खून आणि रोजी एका यादीत! लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे पाठ केलं होतं. त्याचा भार वावर सांभाळायला लागल्यावर कळला.

मी हे घरात बोलले तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही रोजच्या रोज पैसे द्याल तर बाकीच्यांच्या वावरात बाया जाईन का? गावाशी वाकडं कायले घेता?" त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. मजूर आधीच कमी, त्यात असं केलं की लहान शेतकऱ्याचा कापूस झाडावरच लोंबतो. मग मी फादरांना विचारलं. ते म्हणाले, दोघांनी मिळून ठरवलेला दिवस पाळणं म्हणजे मजुरी अडकवणं नव्हे. ठरलेल्या दिवशी, ठरलेली, पूर्ण द्या. आणि ज्याला आज लागते त्याला आज द्या. तेव्हापासून आमच्याकडे तसंच आहे. चुकारा बाजाराच्या दिवशी, पण कोणी संध्याकाळी मागितली तर त्याच संध्याकाळी, कारण न विचारता. कारण विचारलं की माणसाला आपली गरज सिद्ध करावी लागते, ते मला पटत नाही.

यंदा यासाठी तोटा सोसावा लागला. मध्यम धाग्याच्या कापसाला २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे, लांब धाग्याला ८,११०. तो मिळवायला सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदी करणाऱ्या भारतीय कपास निगमच्या) ॲपवर नोंदणी, मग नंबर लागायची वाट, आणि कापसात ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. आठच्या वर गेला की भाव कापला जातो. केंद्रानं ऑगस्टात कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं, त्यामुळे बाहेर व्यापाऱ्याचा भाव हमीभावाच्या बराच खाली. शहाणा शेतकरी अशा वेळी कापूस घरात थांबवतो. आम्हीही थांबवला आहे, पण दोन क्विंटल खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, देऊन टाकला, कारण बाजाराचा दिवस आमच्या नंबराची वाट बघत नाही. घरधनी एक दिवस गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पोती गाडीत टाकली.

वेचणाऱ्यांत एक काकू आहेत. त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, काही वर्षांपूर्वी कर्जापायी जीव दिला. यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य लिहिताना हात थांबत नाही, इतकं ते सवयीचं झालंय, आणि याचंच मला सगळ्यात जास्त दुःख आहे. सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, यात त्यांचे किती तरी खेटे झाले. त्या हिंदू आहेत, घरी गजानन महाराजांची तसबीर आहे. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मी दफनभूमीत मामंजींच्या कबरीवर मेणबत्ती लावली आणि काकूंच्या मालकांसाठीही प्रार्थना केली. पूर्वी आपल्या लोकांतही अशा मरणाबद्दल फार कठोर बोललं जायचं. आज चर्चची शिकवण सांगते की स्वतःचा जीव घेणाऱ्याच्या तारणाची आशा सोडू नये, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. देवाला त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटा ठाऊक आहेत. मी काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याहिचं नाव घेतलं ना तुमी, बस झालं." मग आम्ही दोघी बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोललो. त्यांना बैलांचा किती नाद होता, पोळ्याला शिंगं स्वतः रंगवायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत.

दुपारी भाकरी सोडायच्या आधी मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून आंजेलुस ही मरियेची प्रार्थना म्हणते. मामंजींची ही सवय, त्यांच्याकडून मला आली. त्यांच्या लहानपणी, १९५५ साली, अमरावतीचा वेगळा धर्मप्रांत झाला. त्याआधी इथला सगळा कारभार नागपूरकडे होता आणि फादर क्वचितच दिसायचे. तेव्हा प्रार्थना घरच्यांनीच सांभाळल्या. बाया आता ओळखतात, तेवढा वेळ थांबतात. मग डबे उघडतात, ठेचा इकडून तिकडे जातो.

मत्तयच्या विसाव्या अध्यायातला दाखला मला या दिवसांत सोडत नाही. द्राक्षमळ्याचा धनी शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिनार, म्हणजे दिवसाची सगळी मजुरी, देतो. किलोवर वेचाई देणारी मी, माझ्या पद्धतीत तो धनी कुठं बसवू? तरणी बाई दिवसाला पन्नास किलोपर्यंत वेचते. आमच्याकडे येणाऱ्या एका आजीची पाठ वाकत नाही, पंधरा किलो म्हणजे डोक्यावरून पाणी. तिला जास्त दर दिला तर बाकीच्यांना तो अन्याय वाटेल, आणि दाखल्यातले मजूरही तेच म्हणून कुरकुरले होते. आम्ही वाट काढली. अळीनं खराब केलेली कवडी चांगल्या कापसातून वेगळी करायचं काम आजीला दिलं, बसून, सावलीत, दिवसाच्या रोजीवर. कवडी निघाली की माल उजळतो. ते काम कोणाला तरी करावंच लागलं असतं.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात लिहिलं की मजुरी नुसती दोघांनी कबूल केली म्हणून न्याय्य ठरत नाही, तिच्यात मजुराचं नीट भागलं पाहिजे. यंदा मे महिन्यात निवडून आलेल्या नव्या पोपमहोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतलं ते याच परिपत्रकाची आठवण ठेवून. गिरणी-कारखान्यांच्या काळातलं ते लिखाण पऱ्हाटीच्या ओळीत उभं राहूनही लागू पडतं. दहा रुपये किलो ही आमच्या गावातली चालू वेचाई आहे, पण ती पुरते का, हा प्रश्न तिथंच राहतो. पुढच्या हंगामाच्या आधी घरात हे बोलायचं आहे.

लेवीयच्या त्याच अध्यायात शेताचे कोपरे कापू नका, सरवा, म्हणजे मागे राहिलेलं वेचायचं पीक, गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा, असंही आहे. धुऱ्याकडच्या दोन ओळी आम्ही शेवटच्या वेचणीत सोडणार आहोत. घरधनी हो म्हणाले. पण गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (हंगामानंतर उभं राहिलेलं पीक) ठेवायची नाही असं कृषी विभाग सांगतो, पऱ्हाटी वेळेत उपटावी लागेल, म्हणजे सरवा त्याआधीच व्हायला हवा. उद्या बाजार आहे. चुकारा करतानाच आजीला आणि काकूंना सांगते, म्हणजे त्यांना ज्यांना आणायचं त्यांना त्या आणतील.