तळघरातला बंब गेला

अमेरिकेत भाड्याच्या घरात राहतोय तोवर गरम पाणी कुठून येतं, हा प्रश्नच पडत नाही. नळ सोडला की येतं. स्वतःचं घर घेतलं की मात्र तळघराच्या कोपऱ्यातली ती पुरुषभर उंचीची गोल टाकी आपल्या मालकीची होते आणि तिचं वय आपल्याला मोजावं लागतं. न्यू जर्सीत एडिसनजवळच्या आमच्या घरातली टाकी ५० गॅलनची होती, म्हणजे १९० लिटरच्या आसपास. आधीच्या मालकाच्या काळातली. बुडाशी गंजाचे ओघळ दिसायला लागले होते.

ही गॅसची टाकी म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपला तांब्याचा बंब. खाली जाळ, मधोमध वर जाणारी धुराची नळी, तिच्याभोवती पाणी. आमच्या गावच्या बंबात वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी बाहेर यायचं. इथेही गार पाणी नळीतून तळाशी सोडतात आणि त्याच्या रेट्याने वरचं गरम पाणी घरभर जातं. फरक इतकाच, की गावचा बंब आंघोळी उरकल्या की विझायचा. हा रात्री दोनला सगळे झोपलेले असताना पेटतो, आपण पंधरा दिवस भारतात गेलो तरी पेटत राहतो. पाणी १२० फॅरनहाइटच्या (४९ सेल्सियस) खाली उतरायला लागलं की बर्नर चालू.

एरवी आम्हा चौघांना त्याचं काही वाटत नव्हतं. पण उन्हाळ्यात सासूसासरे आणि गणपतीला पाहुणे आले की सकाळी आंघोळीचे नंबर लागायचे, आणि शेवटच्या दोघांच्या वाट्याला कोमट पाणी. टाकी एकदा रिकामी झाली की पुन्हा तापायला पाऊण तास तरी जातोच. तेव्हा आता बदलायचीच आहे तर टँकलेस घ्यावा, असं ठरलं. पाणी साठवायचं नाही, नळ सोडला की तेवढ्यापुरतं तापवायचं. आपल्याकडचा गॅस गिझर तेच करतो, मग इथे कशाला अवघड जाईल, असं भारतातून सगळ्यांनी सांगितलं.

अवघड गेलं ते यंत्र नव्हे, त्याला जेवू घालणं. जुन्या टाकीचा बर्नर तासाला ४०,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं इथलं एकक). ती सावकाश तापवून साठवते, म्हणून तेवढ्यावर भागतं. टँकलेसला तेच काम पाणी नळीतून धावत असताना काही सेकंदांत उरकायचं असतं, म्हणून त्याचा बर्नर १,९९,००० बीटीयूचा, जवळजवळ पाचपट. प्लंबर आला तो यंत्राकडे ढुंकूनही न बघता आधी बाहेर मीटरकडे गेला. मग आमच्या किचनच्या ओट्यावर बसून त्याने पाकिटाच्या पाठीवर बेरीज मांडली: फर्नेस (थंडीत घर तापवणारी भट्टी) ८०,०००, शेगडी ५५,०००, कपड्यांचा ड्रायर २२,०००, त्यात हे १,९९,०००. एकूण साडेतीन लाखांच्या वर. नैसर्गिक वायूच्या एका घनफुटात साधारण हजार बीटीयू असतात, आणि आमचा मीटर तासाला २५० घनफुटांचा. म्हणजे थंडीत फर्नेस, शेगडी नि गिझर एकदम चालले तर कोणाला तरी उपाशी राहावं लागणार. शिवाय टाकीला आलेली पाइप अर्ध्या इंचाची, याला पाऊण इंच हवी. गॅस कंपनीने मीटर बदलून दिला; पाइपचे पैसे आमचे.

जाहिरातीतला ‘मिनिटाला ११ गॅलन’ हा आकडाही असाच. तो उन्हाळ्याचा. इथे जानेवारीत जमिनीखालून येणारं पाणी ४०-४५ फॅरनहाइटचं असतं, बोटं बधिर होतील असं. ते ११० पर्यंत न्यायचं तर हेच यंत्र मिनिटाला साडेपाच गॅलन, म्हणजे वीस-एकवीस लिटर, देतं. एका शॉवरला मिनिटाला दोन-अडीच गॅलन धरा. दोन आंघोळी एकदम होतात, तिसरी नाही. फ्लोरिडातल्या आमच्या मित्राकडे लहान मॉडेल मजेत चालतं, त्याचं कारण त्याच्या नळालाच ऊन लागलेलं असतं. तेव्हा अमेरिकेतल्या कोणाचं ऐकून घेणार असाल तर आधी तो कुठल्या राज्यात राहतो ते विचारा.

आम्ही कंडेन्सिंग प्रकारचा घेतला. बाजारात रिन्नाई, नोरित्झ या जपानी आणि नवियन ही कोरियन अशी नावं जास्त दिसतात. जपानी घरांत ही पद्धत फार जुनी. कंडेन्सिंगमध्ये धुरातली वाफसुद्धा थंड करून तिची उष्णता वापरतात, त्यामुळे बाहेर पडणारा धूर इतका निवलेला असतो की चिमणीऐवजी साधे प्लास्टिकचे पाइप पुरतात. एक हवा आत घेतो, एक धूर बाहेर सोडतो, दोन्ही भिंतीतून आरपार. बर्फ साचून तोंडं बुजू नयेत म्हणून ते जमिनीपासून पुरेसे वर काढले. वाफेचं जे पाणी होतं ते आंबट असतं, लोखंडी ड्रेनपाइप खातं, म्हणून ते संगमरवराच्या खड्यांनी भरलेल्या एका नळकांड्यातून सोडतात. टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट काढावं लागलं, इन्स्पेक्टर येऊन सगळे सांधे तपासून स्टिकर लावून गेला. हे सगळं कटकटीचं आहे, पण मला ते आवडलं. का, ते शेवटी सांगते.

खरी गंमत सासूबाई आल्यावर. त्यांचं आयुष्य दुष्काळी भागात गेलंय. भांडी घासताना नळाची धार करंगळीएवढी, त्यापेक्षा जाड सोडली की त्यांच्या जिवाला लागतं. आणि टँकलेसला पेटायलाच मिनिटाला साधारण दोन लिटरचा प्रवाह लागतो. त्याखाली त्याला कोणी नळ सोडलाय हे कळतच नाही. त्यात नळाचा दांडा मधोमध ठेवला की अर्धं पाणी गार बाजूने येणार, म्हणजे गरमच्या नळीत प्रवाह आणखी कमी. सासूबाई टबमध्ये बादली ठेवून बारीक धार सोडायच्या आणि तोवर देवापुढे दिवा लावून यायच्या. परत येऊन बघतात तर बादली काठोकाठ आणि पाणी गारढोण. “अगं, एवढे पैसे घालून हे बिघडलेलं आणलंत का?” मी म्हटलं, “आई, नळ पूर्ण डावीकडे करून मोठा सोडा, बादली भरली की बंद करा.” त्यांनी केलं, पण पाणी वाचवू दिलं नाही म्हणून यंत्रावरचा राग गेला नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा चूक नाही. बारीक धारेत हात धुण्यापुरतं कोमट पाणी जुना बंब निमूट द्यायचा.

गरम पाणी ‘ताबडतोब’ येतं हाही गैरसमज. पेटायला दोन-तीन सेकंद, आणि तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत पाइपात उभं असलेलं गार पाणी आधी निघून जायला हवंच. मधेच नळ बंद करून उघडला तर गरम, मग एक गार लाट, मग पुन्हा गरम. साबण लावलेला असताना ही लाट आली की मुलगा वरून ओरडतो. पाइपातलं पाणी फिरतं ठेवणारा पंप बसवता येतो. आम्ही अजून बसवलेला नाही.

आणि याला वीज लागते. वादळात वीज गेली की गॅस असूनही पाणी थंड. सतत तेवत्या ज्योतीच्या जुन्या टाकीला विजेशी देणंघेणं नसायचं. वर्षातून एकदा आतले क्षारही काढावे लागतात: दोन व्हॉल्व्ह बंद करायचे, बादलीत पांढरं व्हिनेगर, छोटा पंप लावून तासभर फिरवायचं. तळघरभर आंबूस वास, नवरा स्टुलावर पंपाची राखण करत बसलेला.

पैशाचं म्हणाल तर टाकी दोन-अडीच हजार डॉलरमध्ये बदलून झाली असती. पाइप, व्हेंट, परमिट धरून टँकलेसला त्याच्या दुपटीहून जास्त गेले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा: दिवसाला ४१ गॅलनपर्यंत गरम पाणी वापरणाऱ्या घरात टँकलेस २४ ते ३४ टक्के जास्त कार्यक्षम, पण ८६ गॅलनच्या आसपास वापर असेल तर फक्त ८ ते १४ टक्के. म्हणजे ज्या मोठ्या कुटुंबांना न संपणारं पाणी हवं असतं, त्यांचीच बचत कमी. आयुष्य मात्र वीस वर्षांच्या वर सांगतात, टाकीचं दहा ते पंधरा. फक्त बिलासाठी कोणी बदलत असेल तर मी नको म्हणेन. पाहुण्यांसाठी असेल तर जरूर.

आता त्या इन्स्पेक्टरबद्दल. नाशिकच्या भावाने फोटो बघून विचारलं, “ताई, एवढासा डबा आणि त्याला दोन-दोन पाइप कशाला? आमच्या गिझरला एकही नाही.” तेच तर. त्याचा गिझर बाथरूमच्या आत, सिलिंडरवर चालणारा, दोन सेलवर ठिणगी पडणारा. तो जळायला हवा बाथरूममधली घेतो आणि धूरही तिथेच सोडतो. दार-खिडकी बंद, आतला ऑक्सिजन कमी झाला की जाळ अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग भोवळ, आणि माणूस आतून कडी लावलेल्या बाथरूममध्ये पडतो. भारतातल्या डॉक्टरांच्या लेखांत याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच आहे. आमच्या यंत्राची हवा बाहेरून, धूर बाहेर, त्याचे सांधे तपासायला तो इन्स्पेक्टर, शिवाय मजल्यागणिक कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म.

भावाला म्हटलं, झरोका आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. थंडीत वहिनी त्यात टॉवेल कोंबते हे मला माहीत आहे. गिझर बाल्कनीत काढ, फक्त गरम पाण्याचा पाइप आत घे. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. म्हणून वहिनीलाच फोन केला. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला होता.